अळवावरचे पाणी

क्षणभंगुर गोष्टीला आपण ‘अळवावरचे पाणी’ म्हणतो. ते पानावर ठरत का नाही, हे आम्ही घरीच करून पाहिले. एका पानावर थेंब सोडला. तो मोत्यासारखा घरंगळला. दुसरे पान फडक्याने जोराने चोळले. तेथे थेंब चिकटला. कारण पानावर अतिसूक्ष्म उंचवटे व मेणाचे कण असतात. त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि थेंब टोकांवरच राहतो. चोळले की टोके मोडतात. जर्मनीतील बार्थलॉट व नाइनहुइस यांनी १९९७ साली दाखविले, की कमळाच्या पानावरून ओघळणारा थेंब धूळही घेऊन जातो.

साबणाचे पाणी मात्र न चोळलेल्या पानावरही पसरले. जळगावच्या केळीच्या पानालाही मेण असते. म्हणूनच फवाऱ्याच्या औषधात ‘स्टिकर’ मिसळतात.

पण मंडळी, जे पानाला चिकटते, ते फवारणाऱ्याच्या अंगालाही चिकटते, आणि माणसाच्या कातडीला असे कवच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले. पानाला निसर्गाने कवच दिले. मजुराचे हातमोजे, मुखपट्टी आणि अंग धुवायला साबण-पाणी कामावर लावणाऱ्यानेच द्यावयास हवे. ते मागणे म्हणजे भीक नव्हे, हक्क आहे.