खापरामागचा आकडा

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, इनामगावच्या पांढरीत, एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी निघाली. सोबत मातीच्याच स्त्रीमूर्ती होत्या, त्यातल्या एकीला मस्तक नव्हतं, आणि एक बैल होता. सगळं हातानं घडवलेलं, भट्टी न पाहिलेलं, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं. बैलाच्या पाठीवर एक भोक आणि मस्तक नसलेल्या मूर्तीच्या पोटाशी दुसरं. दोन्हींत मिळून एक बारीक काडी खोवली की मूर्ती बैलावर बसते! महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या देवीबद्दल आपण जे बोलतो, त्याला या काडीचा मोठा आधार आहे.

आता असं समजा, की या वस्तू उत्खननावरून सुट्या-सुट्या आल्या. कोणीतरी नीटनेटक्या स्वभावाच्या माणसानं बैल बैलांच्या ट्रेमध्ये ठेवला, ‘खेळणं’ म्हणून. मूर्ती मूर्तींच्या कपाटात गेल्या. पेटीचं झाकण आणि पेटी ‘इतर’मध्ये. एकही वस्तू हरवली नाही, एकही फुटली नाही, आणि तरीही देवी गेली. प्रत्यक्षात ती शिल्लक राहिली, कारण ज्या दिवशी माती बाजूला झाली त्याच दिवशी कोणीतरी लिहून ठेवलं, की हे सगळं एका ठिकाणी, एका थरात, एकमेकांजवळ होतं. आणि त्यानंतर दुसऱ्या कोणीतरी ते लिहिलेलं आणि त्या वस्तू यांची ताटातूट होऊ दिली नाही.

हा दुसरा माणूस म्हणजे विद्यापीठाच्या संग्रहालयात संग्रह सांभाळणारा. कागदोपत्री त्याला अभिरक्षक म्हणतात, कुठे संग्रहपाल, कुठे नुसता ‘म्युझियम असिस्टंट’. उत्खनन करणाऱ्याचा फोटो छापून येतो. याचा येत नाही. मला वाटतं, आपण या माणसाला ओळखतच नाही, आणि त्याची किंमत संशोधनाला मोजावी लागते.

इनामगावचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात केलं. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यामागची नावं. शंभराहून जास्त घरं, अडीचशेच्या आसपास दफनं. लहान मुलं दोन कुंभांची तोंडं एकमेकांना लावून त्यात पुरलेली. मोठी माणसं उत्तरेकडे डोकं करून, घोट्याखाली पाय तोडून. एक पुरुष मात्र चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला, आणि त्याचे पाय शाबूत. उत्खननाचा सविस्तर अहवाल 1988 मध्ये निघाला. खणायला बारा हंगाम पुरले. सांभाळण्याला मात्र हंगाम नसतो.

खापरांपासून सुरुवात करू. पॉटरी यार्डात धुऊन सावलीत वाळवलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या खापरावर आकडा घातला जातो: स्थळाचं आद्याक्षर, कुठला खड्डा, कुठला थर, अनुक्रमांक. तो घालायचा खापराच्या आतल्या बाजूला, नक्षी नसेल तिथं. पूर्वी सर्रास नेलपॉलिशचा पट्टा मारून त्यावर लिहीत. काही वर्षांनी त्याचे पापुद्रे सुटतात आणि आकडाही सोबत जातो. आता ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-72 या रेझिनचा पातळ थर देतात, तो वाळला की शाईनं आकडा, आणि वर पुन्हा तोच थर. चुकलं तर ॲसिटोननं अलगद पुसता येतं. या व्यवसायाचा पहिला धर्म हाच आहे: जे करशील ते उद्या कोणाला तरी उलटं फिरवता आलं पाहिजे.

मग नोंदवही. वस्तू आत आली की तिला एक क्रमांक मिळतो, आणि तो पुन्हा कधी दुसऱ्या वस्तूला दिला जात नाही. वस्तू फुटली, चोरीला गेली, परत केली, तरी क्रमांक तिचाच. शेजारी माप, वजन, साहित्य, कुठून आली, कोणी दिली, कोणत्या अवस्थेत आली आणि आज कोणत्या कपाटाच्या कोणत्या खणात आहे. शेवटचा रकाना दिसायला सगळ्यात क्षुल्लक. पण एखाद्या अभ्यासकानं पाहायला काढलेली वस्तू परत दुसऱ्याच खणात गेली, की त्या खोलीपुरती ती हरवलीच. मोठ्या संग्रहात चुकीच्या जागी ठेवलेलं आणि चोरीला गेलेलं यात व्यवहारात फरक उरत नाही. म्हणून मोजदाद. दरवर्षी थोडी-थोडी, एकेक कपाट उघडून, वही आणि वस्तू ताडून.

एका महाविद्यालयाच्या इतिहास विभागात मी एक कपाट पाहिलं होतं. बुटांच्या खोक्यांत खापरं, देखणी, काळ्या नक्षीची. एकावरही आकडा नव्हता. प्रत्येक खोक्यात एकेक चिठ्ठी सुटी टाकलेली असावी, कारण कडांचे काही कपटे उरले होते. बाकीचं कसरीनं खाल्लं होतं. एका खोक्यावर तेवढं लिहिलेलं होतं, ‘नदीकाठ’. कुठली नदी? ती खापरं गोळा करणारे प्राध्यापक हयात नव्हते. मी खोकं बंद केलं तेव्हा हातात जे होतं ते इतिहासाचं साधन राहिलेलं नव्हतं, नुसती फुटकी मडकी होती.

कसर हा एक शत्रू. हवा हा दुसरा, आणि आपल्याकडे तो जास्त दांडगा. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ओठ फुटतील इतकी कोरडी हवा आणि ऑगस्टमध्ये भिंतींना ओल. नुसती दमट हवा किंवा नुसती कोरडी हवा वस्तू बऱ्याचदा सोसतात; हे हेलकावे त्यांना सोसत नाहीत. खारवट जमिनीतून आलेल्या मडक्यात मीठ मुरलेलं असतं. हवा दमट झाली की ते विरघळतं, कोरडी झाली की स्फटिक होऊन पृष्ठभागाशी येतं आणि रंगाची कपची उडवतं. तांब्याच्या कुऱ्हाडीत क्लोराइड असेल तर दमट हवेत तिच्यावर फिकट हिरवी भुकटी धरते, आणि ती आतवर खात जाते. सातवाहनांची शिशाची नाणी तर चांगल्या हेतूनंच मरतात. प्लायवूडच्या आणि काही लाकडांच्या खणात आम्लाची वाफ कोंडते आणि नाणं पांढऱ्या पिठासारखं होऊन बसतं. राजाचं नाव त्या पिठात. म्हणून धातूच्या वस्तू स्टीलच्या कपाटात, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर, कापडावर बुरशी धरू लागते. पावसाळ्यात संग्रह सांभाळणाऱ्याचा दिवस आर्द्रतामापकावरचा आकडा पाहूनच सुरू होतो.

कागदाचं तंत्र वेगळं. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी आयुष्यभर खपून मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं, चित्रं, नकाशे जमवले. त्यांचा संग्रह 1939 मध्ये डेक्कन कॉलेजकडे आला, तिथल्या मराठा इतिहास संग्रहालयाचा तोच पाया. हातकागद चिवट असतो. काजळीची शाई उजेडात विटत नाही, पण डिंकात कालवलेली असल्यामुळे पाणी लागलं की पसरते. म्हणजे छपरातून एक गळती, आणि मोडी अक्षरांचा काळा ओघळ. जुन्या दप्तरांना रुमालात बांधायची आपली रीत अडाणी नव्हती. कापडात धूळ आणि उजेड अडतो आणि हवा खेळती राहते. घात केला तो नंतर आलेल्या सोयींनी: फाटलेल्या पत्रावर चिकटपट्टी लावली की ती काही वर्षांत पिवळी पडते, गळून जाते आणि चिकाचा तपकिरी डाग मागे ठेवते. कागद, कापड, जलरंग यांवर प्रदर्शनात 50 लक्सच्या आसपासच प्रकाश ठेवतात. लोक तक्रार करतात, की दालनात अंधार आहे. उजेडानं झालेली झीज कधीच भरून निघत नाही, ती साचत जाते. त्या अंधाराचं कारण एवढंच.

विद्यापीठाचं संग्रहालय इतरांहून वेगळं आहे ते इथं. शहरातल्या मोठ्या संग्रहालयात वस्तू पाहायच्या असतात. विद्यापीठात त्या वापरायच्या असतात: विद्यार्थ्यानं हातात घ्यायच्या, चित्र काढायचं, मोजायच्या, कधी इवलासा तुकडा प्रयोगशाळेत पाठवायचा. सांभाळणाऱ्याला रोज दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो. वस्तू दिलीच नाही तर ती असून नसल्यासारखी, आणि सरसकट दिली तर वीस वर्षांत संपेल. दोन हातांनी उचला, कानाला धरून मडकं कधी उचलू नका, खाली फोमचा तुकडा ठेवा, टेबलावर शाईचं पेन नको, पेन्सिल आणा. हे प्रत्येक वर्षीच्या प्रत्येक नव्या मुलाला सांगायचं.

अशी संग्रहालयं नवी नाहीत. ऑक्सफर्ड विद्यापीठाचं ॲश्मोलियन संग्रहालय 1683 मध्ये उघडलं. भारतात विद्यापीठानं काढलेलं पहिलं संग्रहालय कलकत्त्याचं आशुतोष संग्रहालय, 1937 सालचं. ऑक्सफर्डकडे एका डोडोचं डोकं आणि पाय आहे. बाकीचा पक्षी 1755 च्या सुमारास कुजला म्हणून काढून टाकला, आणि डोक्यावरची ती कातडी आज जगात उरलेल्या डोडोच्या मांसल अवशेषांत अनमोल आहे. हा पक्षी 1656 च्या एका छापील यादीत आहे: मॉरिशसचा, जड म्हणून उडता न येणारा. कसा आला, जिवंत की मेलेला, याबद्दल अक्षर नाही. मग लोकांनी ती जागा गोष्टीनं भरली, की लंडनमध्ये पैसे घेऊन दाखवत तोच हा जिवंत डोडो. 2018 मध्ये स्कॅन केलं तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूला शिशाचे छर्रे निघाले. त्याला गोळी घातली होती. यादीत एक ओळ जास्त असती तर साडेतीनशे वर्षं चुकीची गोष्ट सांगावी लागली नसती.

छर्रे सापडले ते कोणीतरी ते डोकं टाकून दिलं नाही म्हणून. सांभाळण्याचं खरं कारण हेच आहे, की उद्याचा प्रश्न आज माहीत नसतो. इनामगावची पोरं कुंभांतून बाहेर काढली तेव्हा प्राचीन डीएनए ही कल्पनाही कोणाच्या डोक्यात नव्हती. क्वागा या नामशेष प्राण्याच्या संग्रहालयातल्या कातड्यातून डीएनए मिळाला तो 1984 मध्ये. इनामगावच्या बालकांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे खड्डे पाहून त्यांच्या पोषणाचा अभ्यास प्रसिद्ध झाला 1998 मध्ये, उत्खनन संपल्यावर पंधरा वर्षांनी. डेक्कन कॉलेजच्या राखीगढीच्या कामात साठाहून अधिक नमुने तपासल्यावर एका स्त्रीच्या अवशेषांतून उपयोगी डीएनए हाती लागला. तो शोधनिबंध 2019 चा. हाडाला लागलेला एक उघडा हात असा नमुना बिघडवू शकतो. म्हणून हातमोजे, म्हणून कोणी कधी हात लावला याची नोंद.

आणि ती माणसांची हाडं आहेत, हेही विसरायचं नसतं. ऑक्सफर्डच्याच पिट रिव्हर्स संग्रहालयानं 2020 मध्ये मानवी अवशेष दालनातून काढून घेतले. तिथं नागा पूर्वजांचेही अवशेष आहेत आणि नागालँडचे लोक ते घरी नेण्यासाठी बोलणी करत आहेत. कोणाचे, कुठल्या गावचे, हे ठरवायला जुन्या नोंदवह्यांशिवाय दुसरं काय आहे? नोंद इथं अभ्यासाच्याही पलीकडे जाते. ती न्यायाचा पुरावा होते.

हे काम शिकवलं जातं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1952 पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही अभ्यासक्रम चालतो. मुलं शिकून बाहेर पडतात, पण त्यांना घ्यायला जागा हव्यात. नव्या उत्खननासाठी पैसे मागता येतात, त्याची बातमी होते. जुनी खोकी बदलण्यासाठी आणि एका माणसाच्या पगारासाठी मागायला गेलं की समोरचा घड्याळ पाहतो. माझं स्पष्ट मत आहे, की ज्या संस्थेकडे सांभाळायला माणूस नाही तिनं जमीन खणू नये. वस्तू मातीत तीन हजार वर्षं राहिली. आणखी पन्नास राहील. आपल्या बेवारस खोक्यात ती दहा वर्षंही टिकणार नाही.

विद्यापीठाच्या कारभाऱ्यांना जे मागायचं ते मागितलं. वाचकांनाही एक मागणं आहे. घरात आजोबांचं नाणं असेल तर ते चिंचेनं घासून चकचकीत करू नका; वरचा थर गेला की अक्षरंही जातात. जुनं पत्र प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नका. आणि भिंतीवरचा, ट्रंकेतला प्रत्येक जुना फोटो काढून त्याच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहा: कोण, कुठे, कोणत्या साली. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. डावीकडून तिसरी बाई कोण, हे ज्यांना सांगता येईल अशी घरात एखादी आजी असेल, तर येत्या रविवारपर्यंत थांबू नका.