जाम झालेला बोल्ट : घाई महाग, सबुरी स्वस्त

गोंदिया जिल्ह्यातील बराचसा धंदा इंजिनाच्या भरवशावर चालतो. आम्ही कापडवाले गठ्ठे घेऊन आमगाव, गोरेगाव, देवरीचा बाजार करतो तो गाडीच्या जोरावर. धानाच्या बांधीला पाणी देण्यासाठी अनेकांकडे डिझेल पंप असतो. इंजिन जुने झाले की हुन्नर असलेले लोक ते घरीच खोलून पुन्हा बांधतात. त्यात मजुरी वाचते, हे खरे. परंतु ही बचत बहुधा एका जाम बोल्टपाशी बुडते. बोल्टची किंमत काही रुपये. तो आत तुटला तर हजारोंचे हेड किंवा ब्लॉक अडकून पडते आणि बाजारही चुकतो.

बोल्ट जाम का होतो, हे आधी समजून घ्यावे. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधील बारीक फट भरून जाते आणि नट आवळला जातो. सायलेन्सरकडचे स्टड रोज तापतात व थंड होतात, म्हणून ते सर्वांत हट्टी असतात. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये पोलादी बोल्ट असेल तर तेथे पांढरी भुकटी धरते. तीही तितकीच घट्ट बसते.

पहिले काम सफाईचे. तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत, पातळ तेल सोडावे आणि रात्रभर थांबावे. रॉकेल व डिझेल चालते, पण धीमे. डब्ल्यूडी-४० हा अमेरिकेत १९५३ साली मुळात पाणी हटवण्यासाठी बनवला गेला. खास गंज सोडवण्याचे तेल मिळाले तर ते अधिक बरे.

सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ, हलके ठोके द्यावेत. ठोक्याने गंजाला तडे जातात व तेल आत उतरते. पाना सहा कोनी बॉक्सचा घ्यावा. उघड्या तोंडाच्या पान्याने कोन झिजतात. आधी किंचित आवळावे, मग सोडावे. थोडा हलला की पुन्हा तेल द्यावे आणि मागेपुढे करीत काढावा. पान्याला लांब नळी लावून एकदम जोर करणे म्हणजे बोल्ट तोडणेच होय. हेडचे नट इंजिन पूर्ण थंड असताना, कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सोडावेत. नाहीतर हेड वाकते.

तरीही न सुटल्यास आच द्यावी, पण ती नटला. नट फुगतो आणि पकड ढिली होते. त्याआधी डिझेलची टाकी दूर न्यावी, सांडलेले तेल पुसावे, वाळूची बादली जवळ ठेवावी. ॲल्युमिनियमपाशी विशेष जपावे. ते ६६० अंशांवर वितळते आणि लोखंडासारखे आधी लाल होऊन इशारा देत नाही.

बोल्ट तुटलाच आणि टोक बाहेर राहिले असेल तर वेल्डरकडून त्यावर नट जोडून घ्यावा. वेल्डिंगची आच आणि नटची पकड, दोन्ही एकदम कामी येतात. टोक आतच राहिले तर घरी ड्रिल चालवू नये. छिद्र जरा तिरके गेले की ब्लॉकचे आटे गेले. ते काम लेथवाल्या उस्तादाचे आहे आणि त्याची मजुरी देताना घासाघीस करू नये.

जोडताना आटे साफ करावेत, सायलेन्सरच्या स्टडला तांब्याचे ग्रीस लावावे. बंद तळाच्या छिद्रात तेल साचू देऊ नये. बोल्ट आवळताना त्या तेलाचा दाब ब्लॉकला तडा देऊ शकतो.

व्यापाऱ्याला हिशेब सांगावा लागत नाही. एका रात्रीची वाट आणि थोडेसे तेल एका पारड्यात, नवे हेड दुसऱ्यात. म्हणून बाजाराच्या आदल्या दिवशी इंजिन खोलू नये. हाताशी चार दिवस मोकळे असतील तेव्हाच पाना उचलावा.