जोडणीतील दोष कोठे आहे?

यू-डायस प्लसची माहिती भरण्याची मुदत जवळ यावी आणि संकेतस्थळ उघडू नये, असे झाले म्हणजे पेण व रोहे तालुक्यांतील आडबाजूच्या वाड्यांवरील शिक्षक कागद घेऊन तालुक्याचे गाव गाठतात. द्विशिक्षकी शाळेत त्या दिवशी चारही इयत्ता एकाच शिक्षकावर पडतात. वस्तुतः दोष कधी शाळेतीलच सैल तारेचा असतो. निघण्यापूर्वी तो पाहता येतो.

यासाठी साधने अनेक आहेत. ट्रेसर्ट ही आज्ञा वाटेतील एकेक टप्पा दाखविते. परंतु तिचे उत्तर वाचण्यास सराव लागतो. टेलनेट पूर्वी सर्रास वापरीत. विंडोज व्हिस्टापासून ते मुळात बंदच ठेवलेले असते. आमच्या मते शिक्षकांनी पिंग हीच आज्ञा निवडावी. ती संगणकात आधीपासून असते. माइक म्यूस या अमेरिकन तज्ज्ञाने ती १९८३ साली रचली व पाण्याखालील वस्तू शोधणाऱ्या ध्वनियंत्राच्या नादावरून तिला नाव दिले. कुंडलिकेच्या या तीरावरून हाक मारावी व पलीकडून ओ येण्यास किती वेळ लागला ते मोजावे, तसे तिचे कार्य आहे.

स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ ही रोमन अक्षरे लिहून काळी चौकट उघडावी. तीत ‘आयपीकॉन्फिग’ लिहिले असता ‘डीफॉल्ट गेटवे’ या ओळीपुढे जे आकडे येतात, तो शाळेतील राउटरचा पत्ता होय. ते आलेच नाहीत, तर संगणक राउटरला जोडलेलाच नाही. पिंग लिहून, एक जागा सोडून, तो पत्ता द्यावा. चार हाका जातात. ‘रिप्लाय’ न आल्यास दोष बहुधा शाळेच्या भिंतींच्या आतच असतो. तार, वायफाय व राउटर पाहावेत. उत्तर आले, तर गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यास हाक द्यावी. तेथे ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आले, तर पुढील सेवा खंडित आहे असे समजून, वेळ टिपून, सेवा देणाऱ्याकडे तक्रार करावी. आकड्यांना उत्तर मिळते पण नावाला ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ येते, तेव्हा नाव बरोबर लिहिले आहे ना, हे प्रथम पाहावे. मग नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस व्यवस्थेचा संशय घ्यावा.

काही सर्व्हर सुरक्षिततेसाठी पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. यास्तव शासकीय संकेतस्थळ गप्प राहिले, एवढ्यावरून ते बंद असल्याचे केंद्रप्रमुखांस कळवू नये. इतर संकेतस्थळे नीट उघडत असून तेवढेच उघडत नसेल, तर अडचण बहुधा त्याच्याच बाजूची असते. अशा वेळी पेणला वा रोह्याला जाऊनही तेच दिसेल. पहाटे पुन्हा प्रयत्न करावा.