जाळ्यामागे किती किलो?

अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण जॉर्जिया बेटाभोवती 1969-70 च्या हंगामात सोव्हिएत जहाजांनी मार्बल्ड रॉककॉड हा मासा सुमारे 4 लाख टन उपसला. पुढच्या हंगामात आकडा लाखाच्या आसपास आला आणि काही वर्षांत धंदाच बसला. अंटार्क्टिक सागरी सजीवांच्या संवर्धनाचा करार 1982 मध्ये अमलात आला, 1985 मध्ये या माशावर बंदी आली. मधल्या बैठका, ठराव, समित्या यांत वाचकाला अडकवण्यात अर्थ नाही.

मुद्दा एवढाच की तासाच्या ओढीमागे किंवा हजार गळांमागे किती किलो, हा दर फसवू शकतो. मासा थव्यानं जमतो, जहाजं नेमकी तिथंच जातात आणि शेवटच्या थव्यापर्यंत जाळं भरून येतं. त्याच समुद्रातल्या टूथफिश या माशाच्या बाबतीत उलटं घडतं. गळाला लागलेला मासा किलर व्हेल वरच्यावर पळवतात आणि दर उगाच पडलेला दिसतो. म्हणून तिथं बिल्ला लावून मासे सोडतात आणि त्यातले पुन्हा किती सापडतात याचा हिशेब जोडीला ठेवतात.

सातारा-सांगलीत मात्र अजूनही एकूण टनांवर विसंबणारे जाणकार आहेत. आवक वाढली की मासा वाढला, असं ते ठासून सांगतात. त्यांनी एकदा मे महिन्यात कृष्णाकाठी यावं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागचं पाणी आटतं, नदीचे डोह उरतात आणि उरलासुरला मासा त्यांत गोळा होतो. संध्याकाळी लावलेलं जाळं पहाटे काढायला दोन माणसं लागतात. आनंदीआनंद! मासा मात्र वाढलेला नसतो, पाणी आक्रसलेलं असतं. पुढं मृगाच्या पावसात चढणीचे मासे सुटतात. पोटात गाबोळी असलेल्या माद्या उथळ पाण्यात सहज सापडतात आणि जाळ्यामागचा सर्वांत चांगला दर नेमका तेव्हाच मिळतो.

कोयनेच्या शिवसागर जलाशयाची तर वेगळीच गंमत. 105 टीएमसीचं धरण भरलेलं आणि उतरलेलं, या दोन पाण्यांत तेच जाळं टाकलं तरी दर एका मापानं मोजता येत नाही.

याहून मोठी फसवणूक जातींची. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, त्यांत इथला महासीरही होता. आता जलाशयांत कटला-रोहूचं बीज सोडतात, चिलापी आपणहून फोफावते. किलो कायम राहतात, पण नदीचा मूळचा मासा त्या किलोंत किती, हे जात वेगळी लिहिल्याशिवाय कळणार कसं? जुने भोई डोहागणिक जात सांगत. नव्या हिशेबात फक्त वजन आणि भाव.

मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मासे मोठ्या संख्येनं मेले. पंचनामे, नमुने, आरोप, सगळं झालं. पण आधीचा जाळ्यामागचा दर हाताशी नसेल, तर नुकसान कशाशी ताडून बघायचं?

अशी नोंद ठेवायला कृष्णेचा औदुंबर-भिलवडीपासून हरिपूरच्या वारणा संगमापर्यंतचा पट्टा सुरुवातीला पुरे. नोंदीची वही साधी हवी: जाळ्याची लांबी, आसाचा आकार, किती तास, पाणी किती आणि प्रत्येक जातीचं वजन वेगळं. मच्छिमार संस्थांनी ती ठेवावी आणि मासेमारीच्या ठेक्याचं नूतनीकरण त्या वहीशी बांधावं.