मुजीबनगरचे टपाल

कलकत्त्याच्या पार्क सर्कस भागात ९, सर्कस अ‍ॅव्हेन्यू या पत्त्यावर पाकिस्तानच्या उपउच्चायुक्तांची कचेरी होती. १८ एप्रिल १९७१ रोजी तिचे प्रमुख हुसेन अली यांनी आपल्या बंगाली सहकाऱ्यांसह जुने निशाण उतरवून बांगलादेशाचे निशाण चढविले, आणि ज्या राज्याला अद्याप एकाही परराष्ट्राची मान्यता नव्हती, ज्याचा बहुतेक मुलूख पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखान याच्या फौजेच्या अमलाखाली भरडला जात होता, त्या राज्याला एका दिवसात आपली वकिलात लाभली. या राज्याचे पंतप्रधान ताजुद्दीन अहमद यांचे दप्तरही कलकत्त्यातच ८, थिएटर रोड येथे होते. कागदोपत्री मात्र राजधानीचे नाव मुजीबनगर.

या सरकारने २९ जुलै रोजी कलकत्त्यात आणि लंडनमध्ये एकाच वेळी आपली पहिली आठ टपाल तिकिटे काढली. लंडननिवासी बंगाली चित्रकार बिमान मल्लिक यांनी ती रेखाटली होती. दहा पैशांवर देशाचा नकाशा, वीस पैशांवर ढाका विद्यापीठातील हत्याकांड, पाच रुपयांवर राष्ट्रनेते शेख मुजीब. सारा संच २१ रुपये ८० पैशांचा. टपाल चालविणे हे सार्वभौमत्वाचे लक्षण होय, हे जाणूनच ही योजना झाली, आणि माझ्या मते ती अत्यंत दूरदृष्टीची होती.

परंतु सीमेपलीकडील ज्या घरांतून मुले रणांगणावर गेली होती, त्या घरांना या तिकिटांचा उपयोग नव्हता. ढाक्याचे टपालखाते लष्कराच्या हाती, तेव्हा मुक्तिवाहिनीत, म्हणजे बांगलादेशाच्या स्वातंत्र्यसैन्यात, गेलेल्या मुलाचा नुसता उल्लेख असलेला कागद सापडला, तरी घरच्यांवर संकट ओढवे. शफी इमाम रूमी हा असाच एक तरुण. अमेरिकेत शिकायला जाण्याची सिद्धता झाली असता आईची, म्हणजे लेखिका जहानारा इमाम यांची, कष्टाने संमती मिळवून तो त्रिपुरातील मेलाघरच्या छावणीत शस्त्रविद्या शिकण्यास गेला. १६ जून रोजी आगरतळ्याहून त्याने पाशामामांना पत्र लिहिले. भाच्याने आरंभीच बजावले आहे की, वाचून झाल्यावर हे पत्र नष्ट करावे, आणि अम्मांना याविषयी काहीही लिहून कळवू नये, नाहीतर घरचे संकटात सापडतील. मुलाच्या खुशालीची वार्ता आईपासूनच राखून ठेवावी लागावी, यापरते गृहयुद्धाचे दारुण रूप मला दुसरे दिसत नाही. २९ ऑगस्टच्या रात्री लष्कराने रूमीला ढाक्यातील राहत्या घरातून पकडून नेले. तो परत आला नाही.

खुद्द पंतप्रधानांचा संसारही याहून वेगळ्या तऱ्हेने चालला नव्हता. मार्चअखेर ढाका सोडताना ताजुद्दीन यांना पत्नीचा निरोप घेता आला नव्हता. मागाहून त्यांनी कागदाच्या एका कपट्यावर चार ओळी लिहून पाठविल्या, त्यांत क्षमा मागितली आणि मुलाबाळांसह साडेसात कोटी जनतेत मिसळून जाण्यास सांगितले. पुढे कुटुंब कलकत्त्यास सुखरूप पोहोचले, तरी देश मुक्त होईतो संसारात राहणार नाही या निश्चयाने ते थिएटर रोडवरील दप्तरातच मुक्काम करीत.

या युद्धात सीमेपलीकडून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. कलकत्त्याच्या वेशीवर सॉल्ट लेकच्या मोकळ्या मैदानात त्यांची अफाट छावणी पडली. त्यांच्या साहाय्यार्थ १५ नोव्हेंबरपासून भारतीय टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट सक्तीचे झाले, आणि अशा रीतीने पुण्या-साताऱ्याच्या घरगुती पत्रांनीही त्या युद्धाचा थोडा भार उचलला.

मुक्तियोद्ध्यांची पत्रे २००९ साली ढाक्यात ‘एकात्तरेर चिठी’ या ग्रंथात एकत्र छापली गेली. पाशामामांनी भाच्याचे सांगणे ऐकले नाही. नष्ट करावयाचे ते पत्रही त्या ग्रंथात आहे.