‘तेल जळले’ : एका शब्दप्रयोगाचा उलगडा

येरळेकाठचे वडूज हे खटाव या पर्जन्यछायेतील तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. अशा प्रदेशात विहिरीवरील डिझेल इंजिनाला फार महत्त्व. त्याच्या संदर्भात ‘तेल जळले’ हा मराठी प्रयोग दोन निराळ्या घटनांना लावला जातो. वंगणाची पातळी उतरली तरी तेल जळले, आणि ते काळे, दाट झाले तरीही जळलेच.

पहिल्या घटनेत तेलाचा हलका अंश वाफ होऊन जातो, किंवा तेल दट्ट्याच्या कड्यांवरून ज्वलनकक्षात शिरून खरोखरच जळते. बाष्पीभवनाच्या ‘नोआक’ कसोटीत तेल २५०° सें. तपमानात एक तास ठेवून वजनातील घट मोजतात. दुसऱ्या घटनेत ज्वलन नसते; ऑक्सिजनशी संयोग होऊन तेलात आम्ले व चिकट गाळ निर्माण होतात. तपमान १०° ने वाढले की या क्रियेचा वेग स्थूलमानाने दुप्पट होतो. तिच्या परीक्षणासाठी तापविलेल्या तेलातून हवा खेळवून दाटपणा व आम्लता किती वाढली ते पाहतात.

केवळ काळेपणा मात्र निर्णायक नव्हे; डिझेलची काजळी तरंगत ठेवणे हे तेलातील निर्मलक द्रव्यांचे कामच असते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. उतरलेली पातळी नव्या तेलाने भरून काढता येते. बिघडलेले तेल भर घालून सुधारत नाही, ते बदलावेच लागते. क्रियापद एकच असले, तरी उपाय दोन आहेत.