समुद्रशैवाल : लेखांक नववा
वाळूचा जमाखर्च

आगर-आगरचे प्रकरण आज मांडण्याचे मी कबूल केले होते. परंतु शहाद्याशेजारच्या लोणखेड्याच्या एका वाचकांचे पत्र आले आणि त्यातील प्रश्न इतका मार्मिक निघाला, की ते प्रकरण पुढील आठवड्यापर्यंत तहकूब ठेवणे भाग आहे. कोकणच्या किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग येऊन पडतात आणि वाळूही खचते, तेव्हा शेवाळच किनारा खाते की काय, असे ते विचारतात.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मालवणच्या खडकांवर पावसाळा ओसरल्यावर फोफावणारे सार्गासम हे शेवाळ खडकापासून सुटले, की अंगच्या बारीक वायुकोशांमुळे तरंगत राहते आणि लाटा त्याला भरतीच्या रेघेवर आणून टाकतात. तेथे त्या तपकिरी, ओल्या गुंत्यात वाऱ्याने उडणारी वाळू अडकते. तो कुजू लागला म्हणजे त्यातील पोषक द्रव्ये निःसत्त्व वाळूत उतरतात. त्यांच्या आधाराने मर्यादवेल आणि रावणमिशी मूळ धरतात. आणि वाळूच्या ज्या टेकडीवर या दोन वनस्पतींचा अंमल बसला, ती टेकडी वादळी लाटांच्या माऱ्यात स्वतःची वाळू खर्ची घालून पाठीमागचा माड आणि घर राखते.

या ढिगांविषयीची पर्यटकांची तक्रार मात्र अगदीच निराधार नव्हे. कुजत्या ढिगातून हायड्रोजन सल्फाइडची दुर्गंधी सुटते. अटलांटिकात २०११ पासून सार्गासमचे जे अफाट तांडे दिसू लागले, त्यांचा पट्टा २०१८ मध्ये ८,८५० किलोमीटर लांब आणि दोन कोटी टनांहून अधिक वजनाचा भरला. त्याच वर्षी जूनमध्ये बार्बाडोसला राष्ट्रीय आणीबाणी पुकारावी लागली. तेथे शेवाळ हटविण्यावाचून गत्यंतर नाही. आपल्याकडील हंगामी शेवाळाला तोच न्याय लावून यंत्रे जुंपली, तर मात्र शेवाळाबरोबर वाळूही उचलली जाते आणि जो किनारा पाहण्यास पाहुणा येतो, तोच झिजत जातो.

मग वाळूची खरी तूट कोठे येते? ते शोधण्यासाठी पत्रलेखकांस समुद्रापर्यंत जाण्याचे कारण नाही. शहाद्याची गोमाई प्रकाशे येथे तापीस मिळते. सातपुड्याचा झिजलेला खडक वाळू होऊन याच वाटेने सुरतेकडे समुद्रास जावयाचा. १९७२ साली तापीवर उकाईचे धरण पुरे झाले आणि त्या वाळूचा मुक्काम जलाशयाच्या तळाशी पडू लागला. वर, पात्रातून जी वाळू ट्रॅक्टर भरभरून उपसली जाते, तिचे स्वामित्वधन भरले गेलेच तर ते महसूल दफ्तरी जमा होते; समुद्राच्या खाती मात्र ती कायमची नावे पडते. तापीची वाळू मालवणास जात नाही, हे खरे; पण नद्यांवर बांध घालून आणि त्यांची पात्रे उपसून आपण जागोजागच्या किनाऱ्यांची आवक अशीच तोडली आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाची पाहणी केली, तेव्हा देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे एकतृतीयांश किनारा धूप सोसत असल्याचे आढळले. बंदरांचे धक्के, वादळे, चढती सागरपातळी अशी कारणे त्यामागे आणखीही आहेत; वाहून आलेल्या शेवाळाला त्या यादीत स्थान नाही.

तेव्हा सफाईचा मक्ता द्यावयाचाच, तर लोकांच्या वावरापुरतीच जागा हातदाताळ्याने मोकळी करावी, गोळा झालेले शेवाळ तेथेच झटकून टेकडीच्या पायथ्याशी रचावे, आणि त्यातूनही यंत्र उतरविलेच, तर उचललेली वाळू त्याच किनाऱ्यावर परत टाकल्याखेरीज मक्तेदाराचे बिल मंजूर होणार नाही, असे कलम करारात घालावे.